सीटचं माप

सायकलच्या दुकानात सीट मागितली की दुकानदार पहिली गोष्ट कोणती करतो? अंगठा दाबतो. सीट काउंटरवर ठेवतो, तिच्यात अंगठा खुपसतो आणि तो नखापर्यंत आत गेला की मोठ्या कौतुकानं आपल्याकडे बघतो. "पाहा मॅडम, कसी लोण्यासारखी आहे." अहो, पण मला तिच्यावर अंगठ्यानं बसायचं आहे का? हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मीही शहाण्यासारखं आपला अंगठा दाबून पाहिला, मान हलवली आणि ती सीट बसवून घेतली. त्या मान हलवण्याचा राग मला अजून येतो.

माझं गाव आंधळगावच्या बाजूला. आधी मी गावापासून तीन किलोमीटरवरच्या शाळेत होते. ती सोडून वरठीच्या शाळेत लागले, आठवीला गणित शिकवायला. अंतर झालं सोळा किलोमीटर. शाळा सकाळी सातची, आणि आमच्याकडची पहिली बस वरठीला पोचते तोवर दुसरा तास सुरू झालेला असतो. घरात मोटरसायकल एकच, ती नवऱ्याची. तो आठवडी बाजारांत मिरची-मसाल्याचं दुकान लावतो, त्यामुळे गाडीवर कायम पोती. म्हणून मी सायकलनं जाते. नाइलाजानं जाते असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. घरातून निघाल्यापासून शाळेचं फाटक येईपर्यंतचा सव्वा तास माझा असतो. त्या वेळात मला कोणी चहा मागत नाही, कोणी मोजे शोधून मागत नाही. कारखान्याच्या पाळीला जाणारे सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जातात. दिवसभरात माझ्या मालकीचं एवढंच आहे.

तीन किलोमीटरला कोणतीही सीट चालते. सोळा जायचे आणि सोळा यायचे म्हटल्यावर आठ दिवसांत सीटनं आपले गुण दाखवले.

कुठे दुखत होतं ते सरळ सांगते, कारण न सांगण्यानंच सगळा घोळ झाला. मांड्यांच्या मध्ये, लघवीच्या जागी दुखत होतं. आधी नुसतं बधिर व्हायचं, मग आग, मग कातडी सोलवटायला लागली. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. वर्गात मी खुर्चीवर बसत नव्हते. पोरांना वाटायचं मॅडम फार कडक आहेत, पूर्ण तास उभ्यानं शिकवतात. मला बसताच येत नव्हतं, बाबांनो.

हे मी कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. दुकानात जाऊन म्हणाले, "भाऊ, सीट टोचून राहिली." त्यानं विचारलं नाही कुठे टोचते. मी सांगितलं नाही. त्यानं जास्त स्पंजवाली दुसरी सीट काढली आणि अंगठा दाबला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, तर त्यानं वरून चढवायचं जेलचं कव्हर दिलं. ते पुढे-मागे सरकायचं आणि जास्तच सोलायचं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ताटाएवढी रुंद, खाली दोन स्प्रिंगा असलेली सीट बसवून दिली. म्हणाला, "आता तुमाले सोफ्यावर बसल्यासारखं वाटन." सोफ्यावर कोणी पायडल मारतं का? त्या रुंद कडांनी मांड्या घासल्या आणि मधला स्पंज मात्र तिथेच टोचत राहिला. मी तिच्यावर ते जेलचं कव्हरच पुन्हा चढवलं आणि घरून जुनी चादर घडी करून वर बांधली. तिनं घाम धरला. जितकं मऊ करत गेले तितकं दुखणं वाढत गेलं, आणि गणित शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात हा साधा हिशेब शिरला नाही.

डॉक्टरकडेही गेले. पडद्याच्या अलीकडे चार माणसं बसलेली. मी हळूच म्हणाले, "सायकलनं त्रास होतो." त्यानं मान वर न करता मलम लिहिलं आणि म्हणाला, "सायकल बंद करा." झालं. पायाला चप्पल लागली तर चालणं बंद करा असं कोणी सांगत नाही, पण बाईची सायकल मात्र लगेच बंद करता येते.

नवऱ्याच्या हातात तर कोलीतच मिळालं. त्याला मी वरठीला जाते हेच मुळात आवडलं नव्हतं. मलमाची नळी पाहिली आणि सुरू झाला. "म्या पहिलेच सांगतलं होतं. बायायले लांबची सायकल जमत नाही. आईलेही नव्हती जमली."

हे आईचं मला लग्न झाल्यापासून ऐकवलं जात होतं. माझ्या सासूबाई तरुणपणी शेजारच्या गावी बालवाडीत होत्या. सायकलनं जायच्या. सहा महिन्यांत त्यांनी सायकल सोडली आणि बालवाडीही सोडली. का, ते कोणी विचारलं नाही. घरात त्याचं एक वाक्य होऊन बसलं, आईले जमली नाही. सासूबाई स्वतः त्यावर कधीच काही बोलत नसत. तो हे बोलत होता तेव्हाही त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, मान खाली घालून. एवढं मात्र खरं की त्याच आठवड्यापासून न्हाणीघरातल्या फळीवर खोबरेल तेलाची एक वाटी दिसायला लागली. मला वाटलं, त्यांच्या टाचांच्या भेगांसाठी असेल.

मग तो दिवस आला. मोठ्या सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमचे मिस्टर येऊन गेले. महिन्याच्या शेवटी तुम्ही सोडता म्हणाले. तब्येत बरी नसते म्हणे. आधी बोलला असता तर आम्ही दुसरी बाई पाहून ठेवली असती." माझी नोकरी मी सोडली होती आणि ते मलाच माहीत नव्हतं.

घरी गेल्यावर मी त्याला विचारलं, "कोणाला विचारून गेले होते तुम्ही?"

"तुह्यासाठीच गेलो. रात्रभर कण्हतं, मले आयकू येत नाही का?"

"कण्हणं ऐकू येतं, मग कुठे दुखतं ते विचारता नाही आलं?"

तो जरा गडबडला. मग म्हणाला, "थ्या गोष्टी काय विचाराच्या असतेत का?" आणि गाडीवर पोती बांधायला निघून गेला. वाईट माणूस नाही तो. म्हणूनच मला जास्त संताप आला. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना मला सायकलवर बसवेना. तलावाच्या वळणापासून सायकल हातात धरून चालत निघाले. मागून मासेवाली मावशी आली. ती तलावाकाठच्या गावची, मासेमारी करणाऱ्या घरातली. रोज सकाळी कॅरिअरला दोन्ही बाजूंना डबे बांधून मासे विकायला वरठीला येते आणि दुपारी रिकामे डबे वाजवत परत जाते. वय साठीचं असेल. आमची ओळख एवढीच की ती "काय म्याडम" म्हणायची आणि मी "काय मावशी" म्हणायचे. त्या दिवशी ती उतरली.

"हवा गेली का?"

"नाही."

"मंग पायी काहून जाऊन राहिली?"

मी सीटवरची चादर सरळ केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सीटकडे पाहिलं. चादरीची घडी उचलली, कव्हर उचललं, खालचा सोफा पाहिला आणि हसायला लागली. मला इतका राग आला की मी सायकल तिथेच सोडून जाणार होते.

"सोलवटलं न?" ती म्हणाली. तिनं जागेचं नावही घेतलं, वांग्याचं नाव घ्यावं तसं. भर रस्त्यात. आजूबाजूला कोणी नव्हतं तरी मी मागे वळून पाहिलं.

"मऊ सीटमंदी आपलं हाड बुडते," ती म्हणाली. "हाड बुडलं का मधला स्पंज वर येते. थोच लागते तुले. बसाचं हाडावर असते, मांसावर नाई. चाल, दाखवतो."

तिनं मला तलावाच्या काठाशी नेलं. पाणी उतरलं होतं आणि कडेला ओल्या काळ्या मातीचा पट्टा होता, भाकरीच्या पिठाइतका घट्ट. ती म्हणाली, "बस." मी म्हणाले, "चिखलात?" ती म्हणाली, "मंग का खुर्ची आणू?" माझ्या अंगावर शाळेचा ड्रेस होता. डोकं इतकं फिरलं होतं की म्हटलं होऊ दे काय व्हायचं ते, आणि बसले. तिनं मला सायकलवर वाकते तितकं पुढे वाकायला लावलं, पाय थोडे उचलायला लावले आणि मग हात धरून सरळ वर ओढलं.

मातीत दोन खड्डे उमटले होते. लहान, गोल, एकमेकांपासून अंतर राखून. मी चाळीस वर्षांची, दोन लेकरांची आई. माझ्या बसायच्या हाडांची जागा मी पहिल्यांदा पाहत होते.

"आमच्याइकडे डोंग्यात बसाची फळी अशीच कोरतेत," मावशी म्हणाली. "ज्याचा डोंगा त्याले आंधी चिखलात बसवतेत. दिवसभर पाण्यावर राहून जाळं ओढाचं, तं फळी अंगाची पायजे. गादी टाकून बसली तं सांजच्याले उठता येनार नाई."

तिनं एक वाळकी काडी घेतली, एका खड्ड्याच्या मध्यावर ठेवली, दुसऱ्याच्या मध्यावर नख लावून मोडली आणि माझ्या हातात दिली. माझी सहा बोटं भरली. सीट मागून इतकी रुंद, वर दोन्हीकडे बोट-बोट जागा, बस. त्याहून रुंद नको, मांड्या घासतात. टणक पाहिजे. पुढची चोच वर नको, खाली नको, सपाट पाहिजे. आणि सीट उंच कर, म्हणाली. तुझे गुडघे छातीला लागून राहिले, सगळं वजन बुडावर येतं. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला हे कसं कळलं?" ती म्हणाली, "दुखलं तवा कळलं. मंग मालकाले म्हटलं, तुही फळी कोरतं, माह्या सीटचंही माप घे. त्यानं घेतलं." एवढंच. तिनं सांगितलं आणि त्यानं घेतलं. मी चिखलानं भरलेल्या ड्रेसमध्ये उभी राहून विचार करत होते की माझ्या शिकलेल्या घरात हे एक वाक्य कोणाच्या तोंडून निघू नये?

तशीच, मागून चिखल लागलेली, मी सायकल वळवून बाजारातल्या त्या दुकानात गेले. तिथे तीन-चार माणसं पंक्चर काढून घ्यायला बसली होती. दुकानदार म्हणाला, "पडल्या का मॅडम?" मी म्हणाले, "नाही, बसले होते. सीट दाखवा."

त्यानं सीट काढली आणि अंगठा पुढे केला. मी म्हणाले, "भाऊ, अंगठा बाजूला ठेवा. मला कुठे दुखतं ते आधी ऐका." आणि सांगितलं. पूर्ण सांगितलं, कुठे, कसं, किती दिवसांपासून. तो सायकलच्या टायरकडे बघायला लागला. बसलेल्यांपैकी एकजण उठून पानटपरीकडे गेला. मला वाटलं होतं मला लाज वाटेल. मला वाटला फक्त राग, त्यानं विकलेल्या तीन सीटांचा आणि मी गिळलेल्या तीन महिन्यांचा.

मग मी काडी काढली आणि एकेका सीटच्या मागच्या सपाट भागावर आडवी धरत गेले. बहुतेक लेडीज सीटा रुंद होत्या, पण फुगीर. काडीची टोकं उतारावर यायची. जेन्ट्स सीटा अरुंद. शेवटी त्याच्या जुन्या सामानाच्या पेटीत तळाशी एक निघाली. कोणाच्या तरी जुन्या सायकलीची, चामड्याची, काळी पडलेली, चोच आखूड. काडी तिच्यावर बरोबर बसली आणि दोन्हीकडे बोटभर जागा उरली. मी अंगठा दाबला. अंगठा तसूभर आत गेला नाही.

"हे तं दगड आहे," दुकानदार म्हणाला.

"हाच दगड बसवा."

त्यानं बसवली. सवयीनं चोच वर केली, ती मी खाली करायला लावली. सीटचा दांडा वर घ्यायला लावला. चौथ्यांदा पाना फिरवताना तो हळूच म्हणाला, "घरच्या बाईलेही हाच त्रास आहे बहुतेक. तिनं सायकल सोडून देल्ली." मी म्हणाले, "विचारलं का तिला कधी?" त्यानं नट आवळला.

कातडी भरून येईपर्यंत मी आठ दिवस बसनं गेले आणि रोज उशिराची सही केली. मग नव्या सीटवर बसले. पहिल्या आठवड्यात बुडाची हाडं दुखली, मार खाल्ल्यासारखी. पण दुखणं हाडांचं होतं, आग नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तेही गेलं. एक दिवस शाळेच्या फाटकाशी उतरले आणि लक्षात आलं की सोळा किलोमीटरमध्ये सीटची एकदाही आठवण झाली नव्हती. सरळ मोठ्या सरांकडे गेले आणि सांगितलं, मी सोडत नाही. आणि यापुढे माझ्या नोकरीबद्दल माझ्याशी बोलायचं. ते म्हणाले, "मिस्टरांना..." मी म्हणाले, "मिस्टर मसाला विकतात. गणित मी शिकवते."

घरी तेच नवऱ्याला सांगितलं. काडी दाखवली, सीट दाखवली, चिखलाचं सांगितलं. त्यानं सीटवर अंगठा दाबला. मी फक्त पाहिलं त्याच्याकडे, तेव्हा त्यानं हात मागे घेतला. म्हणाला, "बरं जमन तं जाय." आणि माझ्या नजरेला नजर न देता आत गेला.

सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांनी ती काडी मागून घेतली. कितीतरी वेळ बोटांनी मोजत राहिल्या. मग विचारलं, "चिखलात बसल्यावर दिसते?"

मी हो म्हणाले.

"मले वाटे, माह्या अंगातच खोट आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने चालवली मी. रगत लागे लुगड्याले. मंग सोडून देल्ली."

मला आधी कळलंच नाही. मग न्हाणीघरातली वाटी आठवली. ते तेल टाचांसाठी नव्हतं. यांना सगळं माहीत होतं. मी कण्हत होते, मलम लावत होते, नोकरी जायची वेळ आली होती आणि या बाईनं तेल ठेवलं, पण तोंड उघडलं नाही. माझा आवाज चढला. "आई, तुम्हाला माहीत होतं. मग सांगितलं का नाही मला?"

त्यांनी काडी माझ्या हातात परत दिली.

"मले कोणी सांगतलं होतं?"

त्या रागानं बोलल्या नाहीत. मी मात्र तिथून उठून गेले. आणि न्हाणीघरात तोंड धुताना मला माझ्या वर्गातल्या मुली आठवल्या.

आठवीच्या मुलींना त्या वर्षी सायकली मिळाल्या होत्या. बऱ्याचजणी सहा-सात किलोमीटरवरून येतात. त्यातल्या काहीजणी सीटवर बसतच नसत. फाटकातून आत येताना पायडलवर उभ्या. मी त्यांना दोनदा दटावलं होतं आणि तिसऱ्यांदा पाचजणींना पूर्ण तास वर्गाबाहेर उभं केलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अंगात मस्ती आली आहे." तेव्हा माझंही सोलवटलेलं होतं. मी स्वतः खुर्चीवर बसत नव्हते. तरी मला कळलं नाही. दुकानदाराला, डॉक्टरला, नवऱ्याला मी इतकी नावं ठेवली, पण या बाबतीत त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक होता?

दुसऱ्या दिवशी आठवीच्या तासाला मी मुलांना मैदानावर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मुली घाबरल्या. मी विचारलं, "सायकलनं कोणाला दुखतं?" एकही हात वर झाला नाही. मग मी सांगितलं, मला दुखत होतं, आणि कुठे ते नाव घेऊन सांगितलं. मावशीइतकं सहज जमलं नाही, आवाज फाटला, पण सांगितलं. काहीजणींनी तोंडाला ओढणी लावली. मग मी काडी दाखवली.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. बाहेर उभ्या केलेल्या पाचजणींपैकी ती एक होती.

"म्याडम," ती म्हणाली, "तुमाले माहीत होतं, मंग आमाले बाहेर काहून उभं केलं?"

सासूबाईंचं उत्तर माझ्या ओठावर होतं. ते मी दिलं नाही. चूक झाली म्हणाले, आणि काडी तिच्या हातात दिली.